एका चित्राला साडेपाच मिनिटं

कमोडोर ६४ या घरगुती संगणकावरचं एक रंगीत चित्र साधारण १०,००० बाइटांचं. ३०० बॉडचा मोडेम सेकंदाला जेमतेम ३० बाइट आणायचा. म्हणजे एक चित्र उतरवायला साडेपाच मिनिटं, आणि तोवर घरचा फोन अडकलेला! अमेरिकेत नोव्हेंबर १९८५मध्ये सुरू झालेल्या ‘क्वांटम लिंक’ या ऑनलाइन सेवेवर कमोडोरचे संगणकवेडे भेटत. चित्रासाठी रंग एकूण १६. त्यातही ४ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनात चारच, आणि त्यातला एक अख्ख्या चित्राला सामाईक. गालावरची सावली नारिंगीशेजारी तपकिरी ठिपका ठेवून साधायची. चित्रं काढणाऱ्यांचा डोळा तयार झाला तो या तंगीतच, असं मला मनापासून वाटतं. ‘क्वांटम लिंक’ चालवणाऱ्या कंपनीचंच नाव पुढे १९९१मध्ये ‘अमेरिका ऑनलाइन’ झालं.