स्वयंपाकघरातील चिलटांचा बंदोबस्त

कर्जत-खालापूर भागातील ठाकुरवाडीत आंब्याची आढी घरातच घातली असता एक फळ नासले की चिलटे घिरट्या घालू लागतात. त्यांच्या पायांबरोबर आंबवण तडकलेल्या चांगल्या फळांतही शिरते. धुराने ती पांगतात, मरत नाहीत. अंडी नासक्या गरात असतात व उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. यास्तव आढी रोज तपासावी. नासकी फळे, साली, बाठे त्याच दिवशी बाहेर खड्ड्यात पुरावेत. मोरीतील गाळही खरवडावा. उरलेल्या चिलटांसाठी आंबलेल्या गूळपाण्याच्या पेल्यावर बारीक भोकाचे कागदी नरसाळे बसवावे. बागेतील फळमाशी निराळी; तिच्या नरांसाठीचा मिथिल युजेनॉलचा सापळा घरात टांगणे म्हणजे पैसा व्यर्थ दवडणे होय.