शरीराच्या खात्यातील तूट

दिवाळीच्या वहीपूजनाच्या दिवशी घरातील ज्येष्ठ गादीवर बसतात. वर्षभर तिजोरीत असलेली अंगठी त्या दिवशी बाहेर निघते. ती बोटात घालू लागताच सैल होते, म्हणून तिच्या आतल्या बाजूस दोरा गुंडाळला जातो. जुना कोट खांद्यांवरून ओघळतो. सूनबाई सांगतात, ‘हल्ली बाबांचे जेवण अगदी मोजके झाले आहे.’ जमलेले आप्त आदराने मान डोलावतात, ‘या वयात असा संयम!’ असे उद्गार काढतात आणि विषय तेथेच संपतो. पेढीच्या तेरजेत पाचशे रुपयांचा फरक निघाला तर रात्री जागून तो शोधणारी ही घरे. परंतु घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या शरीरातून वर्षभरात चार किलो वजाबाकी झाली, याची नोंद मात्र कोणत्याही वहीत सापडत नाही.

वाढलेल्या वजनाविषयी आज पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. घटणाऱ्या वजनाविषयी, विशेषतः भूकच मंदावलेल्या ज्येष्ठांविषयी, फारसे कोणी बोलत नाही. जैन कुटुंबांत तर हा प्रश्न अधिक झाकला जातो, कारण अल्प आहार हा आपल्याकडे गुण मानला गेला आहे.

तप आणि अरुची

सहा बाह्य तपांमध्ये उणोदरीला स्थान आहे. भूक असेल त्याहून थोडे कमी खाणे, हा तिचा सरळ अर्थ. त्या व्याख्येत ‘भूक असणे’ हे गृहीत आहे. एकासना असो वा आयंबिल, त्यामागे संकल्प असतो, पच्चक्खाण असते, कालमर्यादा असते आणि शेवटी पारणे असते. भूक नसल्यामुळे अर्धा फुलका ताटात राहतो, त्यात यांपैकी काहीच नसते. तो त्याग नव्हे. ती शरीराची तक्रार आहे. दोन्हींचे बाह्य रूप सारखे दिसते म्हणून दोन्हींची नोंद एकाच सदरात करणे, ही जमाखर्चातील मोठी चूक होय.

वय वाढते तशी भूक काही प्रमाणात स्वाभाविकपणेच मंदावते. वास आणि चव यांची जाण कमी होते, जठर सावकाश रिकामे होते, थोड्या घासांतच पोट भरल्यासारखे वाटते. परंतु स्वाभाविक मंदी आणि सतत होणारी घट यांत फरक आहे. तो डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्याला मोजमापच लागते.

आधी ताळेबंद

मोजमाप सोपे आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ व्यक्तीसाठी हा आकडा १८.५ पेक्षा कमी आला, तर वजन कमी समजले जाते. उंची १.६० मीटर आणि वजन ४५ किलो असल्यास उत्तर १७.६ येते, म्हणजे खाते तुटीत आहे. ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र या सीमेवर येईपर्यंत वाट पाहू नये.

याहून महत्त्वाचा आकडा घटीचा. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्के किंवा अधिक वजन उतरले, तर वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. ६० किलोच्या माणसासाठी ही घट अवघी ३ किलोंची आहे. ती अंगठी, कोट, कमरपट्ट्याचे नवे भोक आणि सैल झालेली कवळी यांतूनच प्रथम प्रकट होते. म्हणून घरात वजनकाटा असावा. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, सारख्याच हलक्या कपड्यांत वजन करून तारखेसह लिहून ठेवावे. रोज वजन करून मनाला घोर लावण्याचे कारण नाही.

गळती कोठे आहे?

गळती न शोधता टाकीत पाणी ओतत राहणे शहाणपणाचे नाही. वजन उतरण्यामागे थायरॉईडचे अतिकार्य, अनियंत्रित मधुमेह, क्षयरोग, पचनसंस्थेचे विकार किंवा कर्करोग यांपैकी काहीही असू शकते. गिळताना अडखळणे, काळसर शौच, वारंवार उलट्या, दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला किंवा ताप, यांपैकी एकही लक्षण असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

काही कारणे साधी असतात, म्हणूनच ती नजरेतून सुटतात. कवळी टोचत असते, म्हणून आजोबा भाकरी आणि कोशिंबीर टाळतात. सांगत मात्र नाहीत. बद्धकोष्ठामुळे पोट जड राहते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनसारख्या औषधांनी काहींची भूक कमी होते. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. दूध वगळता प्राणिजन्य काहीही न घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता संभवते आणि तिच्यामुळे जीभ हुळहुळणे, थकवा, अरुची असे त्रास होतात. साध्या रक्ततपासणीत ती कळते.

आणि एक कारण कोणत्याही तपासणीत दिसत नाही. पन्नास वर्षे ज्यांच्या हातचे जेवले, त्या गेल्यावर ताट समोर येते, पण ‘आणखी अर्धा घ्या’ असा आग्रह करणारे कोणी उरत नाही. मुले दुकानात, नातवंडे शिकवणीला आणि सूनबाई डबे भरण्यात गुंतलेल्या. एकट्याने जेवणारा माणूस कमी जेवतो. मन उदास राहत असेल तर त्यावरही उपचार असतात. ते घेण्यात कमीपणा नाही.

थोड्या घासांत अधिक

भूक नसलेल्या माणसापुढे ताट भरून ठेवले की तो ताटाकडे पाहूनच माघार घेतो. म्हणून पदार्थांचे आकारमान न वाढवता त्यांचे मूल्य वाढवावे. व्यापाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. थोड्या जागेत अधिक मोलाचा माल कसा ठेवावा, हे तो जाणतोच.

एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिने सुमारे ४ कॅलरी देतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९. याचा अर्थ, वरणात किंवा खिचडीत दिवसभरात मिळून दोन लहान चमचे, म्हणजे १० ग्रॅम, तूप अधिक घातले तर ९० कॅलरींची भर पडते आणि घासांची संख्या तेवढीच राहते. ३० ग्रॅम शेंगदाणे सुमारे १७० कॅलरी देतात. नेहमीच्या पेलाभर दुधात दोन चमचे दूध पावडर मिसळली तर आणखी सुमारे ७५. एका मध्यम केळ्यातून सुमारे १००. ही बेरीज ४३५ होते. दिवसाला ३०० ते ५०० कॅलरींची अशी भर टिकली, तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो वजन वाढावे, असा ढोबळ हिशेब आहे. शरीर कागदावरच्या गणितानुसार काटेकोर चालत नाही. परंतु दिशा हीच.

सर्वसाधारण सल्ल्यांतील अंडी, बटाटा, रताळे, मध किंवा लोणी हे पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात येत नाहीत, म्हणून निराश होण्याचे कारण नाही. लोण्याचे काम तूप करते. बटाट्याच्या जागी कच्चे केळे आहे. मुगाच्या डाळीचा शिरा, तुपातली लापशी, पनीर घातलेला मऊ पराठा, तांदळाची किंवा शेवयांची खीर, हे सारे थोड्या प्रमाणात पुष्कळ देणारे पदार्थ आहेत. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांत दही तापवून कढी करता येते. चातुर्मासात ज्यांच्याकडे सुकामेवा बंद असतो, त्यांनी तेवढी भर तूप, दूध आणि शेंगदाण्यांनी काढावी. रुची येण्यासाठी आले चालत नसले तरी सुंठ, जिरे, ओवा आणि लिंबू आहेतच.

जेवणाच्या आधी चहा किंवा पेलाभर पाणी घेतल्यास उरलीसुरली भूक मरते. पाणी दोन जेवणांच्या मध्ये घ्यावे. दिवसातील चारपैकी दोन चहांच्या जागी दूध आले, तर एवढ्यानेही फरक पडू लागतो.

सूर्यास्तापूर्वीचे दहा तास

डिसेंबरात पुण्याच्या परिसरात सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी पाळून चोविहार करणाऱ्यास खाण्यासाठी जेमतेम दहा तास मिळतात. हा वेळ अपुरा नाही. पण तो वाया जाऊ देता येत नाही.

पेढीवर तो नेमका वाया जातो. सकाळी नुसता चहा आणि खाखरा होतो. गिऱ्हाइकांच्या गर्दीत दुपारचा डबा अडीच-तीनला उघडला जातो. सूर्यास्त साधायचा म्हणून सायंकाळचा डबा पाचला येऊन ठेपतो. दोन तासांपूर्वीचेच अन्न पोटात असल्याने ‘नको, भूक नाही’ म्हणून तो तसाच घरी जातो. अशा रीतीने व्रताला धक्का न लागता, केवळ वेळापत्रकामुळे, एक जेवण रोज बुडते.

यावर उपाय घड्याळाचा आहे. आठला दूध आणि शिरा किंवा पराठा. अकराला केळे किंवा लाडू. साडेबारा ते एकमध्ये मुख्य जेवण, मग गिऱ्हाईक समोर असले तरी. तीनला दूध किंवा मूठभर शेंगदाणे. आणि सव्वापाचला तूप घातलेली मऊ खिचडी. पाच वेळा थोडे-थोडे घेणे मंदावलेल्या जठराला मानवते. गल्ल्याशेजारच्या कप्प्यात शेंगदाण्याच्या कुटाच्या मऊ लाडवांचा डबा असावा. कवळी असलेल्यांना चिक्की चावत नाही, लाडू चालतो.

नुसती चरबी नव्हे

वाढलेले वजन स्नायूंच्या रूपाने जमा व्हावे, कारण खुर्चीतून उठणे, जिना चढणे आणि पडता पडता सावरणे हे स्नायूंचे काम आहे. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ४५ किलोच्या व्यक्तीस ४५ ते ५४ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण, दोन पेले दूध, ५० ग्रॅम पनीर, ३० ग्रॅम शेंगदाणे आणि चार फुलके यांत साधारण एवढी प्रथिने मिळतात. पाण्यासारख्या पातळ वरणाची वाटी मात्र या हिशेबात धरू नये.

सोबत हालचाल हवी. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, हा व्यायाम गादीवर बसून आयुष्य काढलेल्यांनाही जमतो. तोल जात असेल तर जवळ कोणी उभे राहावे. जेवणापूर्वी देरासरापर्यंत किंवा बाजारातून एक फेरी मारली तर भूक उघडते.

सावधगिरी

भूक वाढवणारी म्हणून मिळणारी काही औषधे, विशेषतः सायप्रोहेप्टाडिन, ज्येष्ठांना गुंगी आणू शकतात, लघवी अडवू शकतात. ती दुकानदाराच्या सल्ल्याने घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने आणि मधुमेह असलेल्यांनी गोड पदार्थ डॉक्टरांना विचारूनच वाढवावेत.

ज्याने अनेक दिवस जवळजवळ काहीच खाल्लेले नाही, त्याला एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते. रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम यांसारखे क्षार झपाट्याने घसरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. दीर्घ उपवासाचे पारणे मुगाच्या पाण्यासारख्या हलक्या आहाराने करण्याची आपली रीत येथे मार्गदर्शक आहे. अशा व्यक्तीचा आहार वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू वाढवावा.

वजन उतरलेल्या ज्येष्ठांनी पर्युषणात नवे तप हाती घेण्यापूर्वी गुरुमहाराजांना प्रकृतीची खरी स्थिती सांगावी. तप शक्तीनुसार करावे, ही शिकवण जुनीच आहे आणि पच्चक्खाणातच आगार, म्हणजे सवलती, ठेवलेल्या असतात. ज्यांना अन्न कमी करणे प्रकृतीला मानवणारे नाही, त्यांच्यासाठी सामायिक, स्वाध्याय आणि मौन यांचे दार उघडेच आहे.

घरच्यांनी करावयाची गोष्ट त्याहून साधी. दिवसातील एक तरी जेवण त्यांच्यासोबत घ्यावे. ‘खा, खा’ असा धोशा न लावता गप्पांच्या ओघात वाटीत चमचाभर तूप सोडावे. आणि वहीच्या शेवटच्या पानावर दर आठवड्याचे वजन लिहावे. पुढच्या वहीपूजनाला अंगठीवरचा दोरा काढून टाकता आला, तर त्या वर्षीच्या शिलकेत एक मोलाची रक्कम जमा झाली, असे समजावे.