माझी चाल माझ्या वेळेने

‘कॉम्प्युटर गेम म्हणजे पोरांचं वेड,’ असं आपण बायका सहज म्हणून जातो. पण १९९९ साली आलेला ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ हा गेम आमच्या चिंचवडच्या घरात माझाच जास्त लाडका झाला. धाकट्या दिरांनी सीडी आणली होती.

न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंग या अमेरिकन कंपनीचा हा खेळ. किल्ले, जादूगार, ड्रॅगन असा थाट परीकथेचा. चाली मात्र बुद्धिबळासारख्या, आळीपाळीने. त्यातला हिशेब मला घरचाच वाटायचा. लाकूड, सोनं जपून वापरायचं. एका नगरात दिवसाला एकच इमारत बांधता येते आणि किल्ल्यात नवं सैन्य येतं ते आठवड्याच्या पहिल्या दिवशी. सगळं एकदम हवं म्हणून चालत नाही!

मला तो आवडला, कारण तो थांबतो. ह्यांची कंपनीतली पाळी, डबे, नळाचं पाणी... कुकरची शिट्टी झाली की उठायचं. परत येईपर्यंत माझी चाल तिथेच! एकाच कॉम्प्युटरवर पाळीपाळीने खेळता यायचं, म्हणून दीरही हाक मारायचे, ‘वहिनी, चाल तुमची!’

२०१५ साली तो नव्या, सुबक चित्रांसह पुन्हा आला. माझं मन मात्र त्या जुन्या सीडीतच आहे.

बचत गटात छंदाचं विचारलं की बायका म्हणतात, ‘वेळ कुठाय?’ मैत्रिणींनो, विणकाम असो, वाचन असो की गेम, अर्धा तास आपल्या नावाचा ठेवा आणि घरात तसं सांगा. घरच्यांनाही थांबायची सवय लागते.