एका दाताचा फरक

रस्त्यावरून मोटार धावते तेव्हा आपल्याला तिची चाके दिसतात आणि तिचा हॉर्न ऐकू येतो. पण बॉनेटखाली, एका झाकणाआड, रबराचा एक पट्टाही फिरत असतो. तो आपल्याला दिसत नाही. मात्र तो तुटला, तर चालती गाडी जागच्या जागी बंद पडते. या पट्ट्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. त्याचे काम काय, तो कसा बदलतात आणि बदलताना झालेली चूक कशी सुधारतात, हे आज आपण समजून घेऊ.

मोटारीच्या इंजिनात सिलिंडर म्हणजे जाड नळकांडी असतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक पिस्टन खालीवर होतो. पिस्टनला मराठीत दट्ट्या असेही म्हणतात. पेट्रोल आणि हवा आत घेणे, ती दाबणे, ती पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे, अशी चार कामे तिथे क्रमाने होतात. पिस्टनच्या खालीवर होण्यामुळे खालचा दांडा फिरतो. त्याला क्रँकशाफ्ट म्हणतात. हवा आत घेण्यासाठी आणि धूर बाहेर सोडण्यासाठी सिलिंडरच्या वर झडपा असतात. त्या उघडण्याचे काम वरचा दांडा करतो. तो कॅमशाफ्ट होय.

ही चार कामे पूर्ण होईपर्यंत खालचा दांडा दोनदा फिरतो आणि वरचा एकदाच. हे प्रमाण कधीही बिघडता कामा नये. म्हणूनच दोन्ही दांडे एका दातेरी पट्ट्याने जोडलेले असतात. पट्ट्याच्या आतील बाजूचे दात दोन्ही चाकांच्या खाचांत घट्ट बसतात. त्यामुळे पट्टा घसरत नाही.

आता थोडा हिशेब करा. खालचा दांडा मिनिटाला ३००० वेळा फिरत असेल, तर वरचा १५०० वेळा फिरेल. म्हणजे प्रत्येक झडप एका सेकंदात २५ वेळा उघडेल आणि मिटेल! डोळ्याची पापणीसुद्धा इतक्या वेगाने लवत नाही.

पूर्वी या कामासाठी लोखंडी साखळी किंवा दातेरी चाके वापरत. १९६२ साली जर्मनीतील ग्लास कंपनीच्या एका मोटारीत रबरी पट्टा आला. मोठ्या संख्येने तयार होणाऱ्या मोटारीत असा पट्टा वापरण्याची ही पहिलीच वेळ होती. पट्टा साखळीपेक्षा हलका असतो, आवाज कमी करतो आणि त्याला तेलही लागत नाही. भारतात १९८३ साली आलेल्या मारुती ८०० या गाडीतही असाच पट्टा होता. आज अनेक नव्या गाड्यांत पुन्हा साखळी दिसते, तरी पट्ट्याच्या गाड्याही रस्त्यावर पुष्कळ आहेत.

रबर कायम टिकत नाही. उष्णतेने ते कडक होते, त्याला चिरा पडतात, दात झिजतात. म्हणून ठरावीक किलोमीटरनंतर किंवा ठरावीक वर्षांनंतर, जे आधी येईल तेव्हा, पट्टा बदलावा लागतो. ही मुदत प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत छापलेली असते. काही इंजिनांत पट्टा तुटताच पिस्टन उघड्या राहिलेल्या झडपांवर आदळतात आणि झडपा वाकतात. मग इंजिन उघडण्यावाचून दुसरा उपाय नसतो. एखाद्या टॅक्सीचालकाचे असे झाले, तर त्याची कित्येक दिवसांची कमाई बुडते आणि दुरुस्तीचा खर्च होतो तो वेगळाच.

पट्टा बदलण्याची रीत अशी आहे. इंजिन थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची तार सोडवावी. बाहेरचे पट्टे, खालची पुली आणि झाकण काढावे. मग खालचा दांडा पान्याने हळूहळू, त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवावा. दोन्ही दातेरी चाकांवर खुणा केलेल्या असतात. त्या इंजिनावरील खुणांसमोर आल्या, की थांबावे. नंतर पट्टा ताणून धरणारी छोटी पुली सैल करावी आणि जुना पट्टा काढावा. या पुलीला टेन्शनर म्हणतात. ती खरखरत असेल, तर तीही बदलावी. जवळच्या ऑइल सीलमधून तेल गळते का, तेही पाहावे. कारण तेल हे रबराचे वैरी आहे. नवा पट्टा दुमडू नये, पिळू नये आणि स्क्रू ड्रायव्हरने उचकटून बसवू नये.

पट्टा चढवल्यावर टेन्शनरने योग्य ताण द्यावा. यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी खालचा दांडा हाताने पूर्ण दोन वेळा फिरवावा आणि खुणा पुन्हा जुळतात का, ते पाहावे. फिरवताना मध्येच काही अडले, तर जोर लावू नये. तिथेच थांबून कारण शोधावे.

घाईत काम करणारा नेमकी हीच पायरी गाळतो. समजा, वरच्या चाकाला ४० दात आहेत आणि पट्टा एक दात चुकून बसला. ३६० अंशांना ४० ने भागले, की ९ येतात. म्हणजे वरचा दांडा ९ अंशांनी मागे किंवा पुढे राहिला. खालच्या दांड्याच्या हिशेबाने हा फरक १८ अंशांचा होतो! अशी गाडी चालते, पण रडतखडत. इंजिन थरथरते, चढावर दम तोडते आणि पेट्रोल जास्त खाते. पट्टा फार ताणला असेल, तर घूं घूं असा आवाज येतो. तो सैल असेल, तर झाकणावर फटफट आपटतो.

अशा वेळी गाडी तशीच दामटू नये. इंजिन बंद करावे, झाकण काढावे आणि दांडा हाताने फिरवून खुणा तपासाव्यात. कोणती खूण किती दात सरकली आहे, ते मोजावे. टेन्शनर सैल करून पट्टा उतरवावा, चाके खुणांवर आणावीत आणि पट्टा नीट बसवावा. पट्ट्याला तेल लागले असेल किंवा तो दुमडला असेल, तर तो नवा असला तरी बदलावा. जुना, खरखरणारा टेन्शनर तसाच ठेवला असेल, तर तोही आताच बदलावा. एखादा बोल्ट किंवा वॉशर आत पडला आहे का, तेही शोधावे. सर्व बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावेत. शेवटी पुन्हा दोन फेरे, पुन्हा खुणा, आणि मगच किल्ली फिरवावी.

उर्दूतला 'दुरुस्त' हा तुमच्या ओळखीचा शब्द मराठीतही आहे. त्यावरूनच 'दुरुस्ती' हा शब्द झाला. दुरुस्त म्हणजे बरोबर, जसे असावे तसे. तुमच्यापैकी काही जण उद्या आयटीआयमध्ये जातील, काही जण गॅरेजमध्ये उस्तादांच्या हाताखाली काम शिकतील. झाकण बसवल्यावर आतले काम गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते नीट झाले की नाही, हे फक्त कारागिराला ठाऊक असते. त्या गाडीतून कोणी रुग्णाला दवाखान्यात नेईल, कोणी मुलाबाळांसह घाट उतरेल. दोन फेरे फिरवून पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. तेवढी पाच मिनिटे देणाऱ्या कारागिराच्या हातात गाडीची किल्ली लोक निर्धास्तपणे देतात.