नागली, मिक्सर आणि सोमवार

‘उद्या येताना तुझा मिक्सर घेऊन ये.’ शुक्रवारी रात्री ताईचा मेसेज. मी मस्तपैकी बेबी सीरियलचा डबा गिफ्ट म्हणून घेतला होता आणि हिला मिक्सर हवा!

भिवंडी-वाडा रस्त्यावर, वज्रेश्वरीला वळतो तो अंबाडी नाका. ताईचं सासर इथलंच. ती भिवंडीतल्या एका गोदामाच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. 2017 मध्ये मॅटर्निटी लीव्ह 12 आठवड्यांची 26 झाली, थँक गॉड. पण गणित बघा. 26 आठवडे म्हणजे सहा महिने. आणि डॉक्टर सांगतात, सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरचं अन्न. म्हणजे बाळाने पहिला घास घ्यायचा आणि आईने त्याच आठवड्यात कार्ड पंच करायचं! ताईच्या सोमवारला दोन दिवस उरले होते.

काकींची, म्हणजे ताईच्या सासूबाईंची नागली (आपली नाचणी हो) तयार होती. धुऊन रात्रभर भिजवलेली, मग फडक्यात बांधून मोड आणलेली. खरी गोम वाळवण्यात. पावसाळ्यात ऊन कुठून आणणार? आधीची खेप ओलसर राहिली, बुरशीचा वास आला, काकींनी अख्खी फेकून दिली. या वेळी चादरीवर पसरून दोन दिवस पंख्याखाली. मग मंद आचेवर भाजायची, दळायची आणि मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ करायची. मिक्सर तापतो म्हणून थांबत थांबत. माझ्या पापण्यांवरसुद्धा पीठ.

एवढा खटाटोप मोडांसाठी? तर हो. मोड येताना धान्यात अमायलेझ तयार होतं, ते स्टार्च तोडतं. लापशीचा गोळा होत नाही, तेवढ्याच पातळपणात जास्त पीठ मावतं. बाळाचं पोट एवढंसं, तेव्हा प्रत्येक चमचा मोलाचा. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. लोहासाठी मात्र नुसत्या नाचणीवर भागत नाही, डाळ, पालेभाजी, अंडं हळूहळू आणावंच लागतं.

भांडण झालं ते मधावरून. काकींना पहिला घास मधाचं बोट लावून द्यायचा होता. ताई ठाम. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, वर्षाच्या आत मध नाही. साखर-मीठही नाही. ‘माझी तिन्ही पोरं मधावरच वाढली!’ काकी फणकारल्या.

मध्यस्थी म्हणून मी शहाणीने आपला डबा पुढे केला. काकींनी चष्मा लावून लेबल वाचलं. साखर! ‘हे चालतं? मग माझ्या मधानेच काय घोडं मारलंय?’

आता बोला. शेवटी डबाही बाद, मधही बाद. लापशीत केळं कुस्करून घालायचं ठरलं. काकींचा चेहरा पडलेलाच होता.

सोमवारी साडेसातला ताई निघाली. बाळाकडे बघितलं नाही, मुद्दामच. लंच टाइममध्ये तिने फोन लावला, मला कॉन्फरन्सवर घेतलं. काकी म्हणाल्या, ‘दोन चमचे पोटात, बाकी माझ्या साडीवर. तू जेवलीस का?’

ताई बराच वेळ काही बोललीच नाही.

मिक्सर अजून अंबाडीतच आहे.