पाठांतराची धास्ती घालवणारी काच

टीव्हीवर बातम्या देणारी निवेदिका अर्धा अर्धा तास आपल्याकडे पाहून बोलते. समोरच्या कागदाकडे तिची नजर क्वचितच जाते. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "माशाअल्लाह, काय पाठांतर आहे!" खरे तर ती वाचत असते.

कॅमेऱ्याच्या भिंगापुढे ४५ अंशांत तिरपी काच बसवलेली असते. खाली आडवा पडदा. त्यावरची अक्षरे आरशातल्यासारखी उलटी. काचेत ती सुलट होऊन बोलणाऱ्याला दिसतात. कॅमेरा काचेमागे, काळ्या आडोशात असतो. अक्षरांचे प्रतिबिंब त्याच्याकडे जात नाही, म्हणून काचेतून आरपार त्याला फक्त माणूस दिसतो. हाच टेलिप्रॉम्प्टर.

१९५० च्या सुमारास अमेरिकेत टीव्ही मालिकांसाठी रोज नवे संवाद पाठ करावे लागत. नट फ्रेड बार्टन यांनी ही अडचण मांडली आणि अभियंता ह्युबर्ट श्लाफ्ली यांनी मोटरवर फिरणारी कागदाची गुंडाळी कॅमेऱ्याशेजारी बसवली. काच नंतर आली. आपल्या नाटकांत विंगेतला प्रॉम्प्टर हेच काम करत आला आहे. इथे ते यंत्राकडे गेले.

यंत्राने बोलणाऱ्याला पळवायचे नसते. स्टुडिओत मजकूर सरकवणारा वेगळा माणूस असतो; निवेदिका थांबली की तोही थांबतो.

आता हीच सोय मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये मिळते. आपल्या अनेक घरांत मुले दखनी किंवा उर्दू बोलतात आणि शाळेत मराठी. नोकरीसाठी मराठीत दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा म्हटले, की हुशार मुलगीही अडखळते. विचार पक्के असतात, शब्द ऐन वेळी निसटतात. तिला ही मदत घेण्यात लबाडी वाटू नये. मजकूर तिचाच आहे ना?

मात्र तो बोलल्यासारखा लिहावा. 'सदर बाबीसंदर्भात' असे लिहिले, तर ऐकणाऱ्याला वाचन लगेच कळते. वाक्ये छोटी, अक्षरे मोठी ठेवावीत. १२,५०,००० ऐवजी 'साडेबारा लाख' लिहावे. ओळी रुंद असल्या की बुबुळे डावी-उजवीकडे धावताना दिसतात, म्हणून त्या अरुंद आणि कॅमेऱ्याच्या अगदी लगत हव्यात. फोन थोडा लांब ठेवला तर ही हालचाल आणखी कमी जाणवते. आणि अधूनमधून पापणी लवू द्यावी. एकटक डोळे चटकन ओळखू येतात.