अक्षरे जाणणारा एडिटर, अर्थ जाणणारा एडिटर

संगणकाची आज्ञावली लिहिणे म्हणजे शेवटी मजकूर टाइप करणेच होय. म्हणून ती कोणत्याही साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहिता येते. अडचण अशी की, एडिटरला फक्त अक्षरे दिसतात, त्यांचा अर्थ कळत नाही. याने काय बिघडते ते पाहू.

समजा, वर्गाचा निकाल लावण्यासाठी आपण पायथॉन भाषेत एक लहानशी आज्ञावली लिहिली आहे. २००८ मध्ये पायथॉनची तिसरी आवृत्ती आली, तेव्हापासून या भाषेत चलांना देवनागरी नावे देता येतात. (भाषेचे स्वतःचे शब्द मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतात.) आपल्या आज्ञावलीत ‘गुण’ नावाचा चल आहे आणि त्याचे नाव ‘अंक’ असे करायचे आहे. ‘शोधा आणि बदला’ ही सोय वापरली तर काम क्षणात होते. पण त्याबरोबर ‘गुणाकार’ नावाच्या फलनाचे ‘अंकाकार’ होते, निकालपत्रकावर छापायचा ‘गुण’ हा मथळा बदलतो, आणि दुसऱ्या फलनातला, नावाने ‘गुण’च पण प्रत्यक्षात वेगळा असलेला चलही त्यात ओढला जातो. कोणता ‘गुण’ कोणाचा, हे अक्षरे पाहून ठरत नाही. त्यासाठी भाषेचे व्याकरण समजावे लागते.

हे व्याकरण एडिटरला शिकवण्याचे काम प्लगइन करतात. ‘ईमॅक्स’ या एडिटरसाठी असे प्लगइन पुष्कळ आहेत. त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत, टेको नावाच्या जुन्या एडिटरच्या आज्ञांचा संच म्हणून ईमॅक्सचा जन्म झाला. आज वापरात असलेला जीएनयू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये प्रसृत केला. त्याचा गाभा सी भाषेत आहे, बाकीचा बहुतेक भाग लिस्प या भाषेच्या एका बोलीत लिहिलेला आहे, आणि हा भाग एडिटर चालू असतानाच वाचता व बदलता येतो. घरात राहत असतानाच भिंती हलवता याव्यात, तसे हे आहे. साहजिकच एकाच कामासाठी दोन-दोन, तीन-तीन प्लगइन तयार झाले, आणि नव्या माणसाने त्यातून काय निवडावे हा प्रश्न उभा राहिला.

येथे आम्ही ‘एग्लॉट’ आणि ‘एलएसपी-मोड’ या दोन मुक्त-स्रोत प्लगइनांची तुलना करणार आहोत. वैशिष्ट्यांची यादी समोर ठेवून फुल्या मारत गेले तर दुसरा सहज जिंकतो. आमच्या मते ती पद्धतच चुकीची आहे. कोणते काम नेमके कुठे होते, हे आधी पाहायला हवे.

पूर्वी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेचा वेगळा प्लगइन लिहावा लागे. एडिटर ५ आणि भाषा ८ असतील, तर ५ × ८ म्हणजे ४० प्लगइन. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएन्व्ही या कंपन्यांसह एक सामाईक संकेत जाहीर केला. त्याला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल म्हणतात. त्यानुसार भाषेचे ज्ञान ‘लँग्वेज सर्व्हर’ या स्वतंत्र प्रोग्रामकडे असते. एडिटर त्याला विचारतो, ‘या ठिकाणी जे नाव आहे, त्याची व्याख्या कुठे आहे?’ सर्व्हर उत्तर देतो, ‘अमुक फाइल, अमुक ओळ, अमुक स्थान.’ आता ८ सर्व्हर आणि ५ एडिटरांचे ५ दुभाषे, असे १३ प्रोग्राम पुरतात. गुणाकाराची जागा बेरजेने घेतली!

एग्लॉट आणि एलएसपी-मोड हे दोघेही असे दुभाषे आहेत. पायथॉनचे ज्ञान दोघांकडेही नाही. ते सर्व्हरकडे आहे आणि दोघांनाही तोच सर्व्हर वापरता येतो. ‘गुण’चे नाव बदलताना कोणता ‘गुण’ कोणाचा हे सर्व्हर ठरवतो, म्हणून दोघांकडून येणारे उत्तर सारखेच असते. एखादा प्लगइन ‘जड’ आहे असे म्हणतानाही सावध राहावे, कारण स्मृती बऱ्याचदा सर्व्हरच खात असतो.

फरक आहे तो उत्तर आल्यानंतर काय करायचे यात. एग्लॉट ते ईमॅक्समध्ये मुळातच असलेल्या सोयींच्या हवाली करतो. चुकांखाली रेघ ओढण्याचे काम फ्लायमेककडे जाते. फ्लायमेक २००७ पासून ईमॅक्सबरोबर येतो आणि २०१८ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. एलएसपी-मोड मात्र ‘फ्लायचेक’ हा बाहेरचा प्लगइन बसवलेला असल्यास त्याला पसंती देतो, आणि खिडकीच्या माथ्यावर फाइलीतील आपले ठिकाण दाखवण्यासारख्या कितीतरी गोष्टी आपणहून करतो. काही भाषांचे सर्व्हर तो स्वतः उतरवून घेतो आणि एकाच फाइलीसाठी दोन सर्व्हर चालवू शकतो. वेबपानावर तीन भाषा एकत्र नांदतात, तेव्हा याचा चांगला उपयोग होतो. एग्लॉटची मूळ रचना एका फाइलीला एक सर्व्हर अशी आहे, आणि सर्व्हर बसवण्याचे काम तो तुमच्यावर सोडतो.

आणखी एक फरक पडद्यावर दिसत नाही. ईमॅक्सच्या मूळ संचात एखादी आज्ञावली घ्यायची, तर तिच्यात मोठी भर घालणाऱ्यांना आपला स्वामित्वहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे लिहून द्यावा लागतो. एग्लॉटने ही कागदपत्रांची शिस्त पाळली, म्हणूनच २०२३ मध्ये ईमॅक्सच्या २९व्या आवृत्तीत तो थेट सामील होऊ शकला. एलएसपी-मोडही मुक्तच आहे, पण तो वेगळा उतरवावा लागतो आणि बरोबर इतर काही पूरक संचही येतात. यात प्रश्न केवळ इंटरनेटचा नाही. ईमॅक्सचा प्लगइन बंदिस्त कप्प्यात चालत नाही. वापरणाऱ्याला आपल्या फाइलींचे जे काही करता येते, ते सारे त्यालाही करता येते. म्हणजे प्रत्येक नवा संच म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा आणखी एक अनोळखी माणूस.

म्हणून शाळेच्या संगणकांवर आम्ही एग्लॉट पसंत करू. वेबची कामे करणाऱ्या अनुभवी माणसाने एलएसपी-मोड घ्यावा, त्यात त्याची सोय आहे. टाइप करताना शब्द सुचवणारी ‘कंपनी’ आणि ‘कॉर्फू’ ही जोडीही याच धर्तीची आहे. कंपनी स्वतःची यंत्रणा बाळगते, कॉर्फू ईमॅक्सच्या यंत्रणेला फक्त खिडकी देतो. अगदी नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी मात्र पहिले काही आठवडे शब्द सुचवणे बंदच ठेवावे असे आम्हाला वाटते. चुकीच्या नावाने आज्ञावली अडली, की भाषा लक्षात राहते.

निवड कोणतीही असो, देवनागरी वापरणाऱ्यांनी एक चाचणी जरूर करावी. सर्व्हर चुकीचे ठिकाण आकड्यात कळवतो, पण मोजायचे काय? ‘गुण’ या शब्दात डोळ्यांना २ अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये ग, उकार आणि ण अशी ३ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत त्यांना ९ बाइट लागतात, यूटीएफ-१६ पद्धतीत ३ घटक. प्रोटोकॉलचा मूळ नियम यूटीएफ-१६चे घटक मोजण्याचा आहे. २०२२ च्या ३.१७ या आवृत्तीपासून दोन्ही बाजूंना आपसात वेगळी पद्धत ठरवता येते. त्यांची मोजणी जुळली नाही, तर रेघ भलत्याच जागी पडते.

एका ओळीत आधी अवतरणचिन्हांत १० चिन्हांचा देवनागरी मजकूर लिहावा आणि त्याच ओळीत पुढे मुद्दाम एक न ठरवलेले नाव वापरावे. रेघ नेमकी त्या नावाखाली आली तर ठीक. ती २० घरे उजवीकडे सरकली, तर सर्व्हर बाइट मोजतो आहे आणि दुभाषा ते चिन्हे समजतो आहे, असे धरावे. देवनागरीत यूटीएफ-१६चे घटक आणि युनिकोडची चिन्हे यांची संख्या सारखीच येते, त्यामुळे या दोहोंतला गोंधळ या चाचणीत सापडणार नाही. तो पकडायचा तर देवनागरी मजकुराऐवजी एक हसरा इमोजी टाकावा. तो १ चिन्ह असून यूटीएफ-१६मध्ये २ घटक घेतो, आणि गोंधळ असेल तर रेघ बरोबर एक घर हलते.